शहाण्णव चौकोनांची भिंत

आमच्या इमारतीचा जिना उतरून खाली आलं की समोर जी भिंत दिसते, ती चौदा महिने करडी होती. ओल आली म्हणून जुना गिलावा काढला, नवा केला आणि रंगाचं बघू म्हणून ठेवून दिलं. रंगाचं बघायला समितीच्या अकरा सभा झाल्या. मी समितीचा चिटणीस असल्यामुळे अकराही सभांचा वृत्तान्त माझ्या अक्षरात आहे आणि प्रत्येकाचा शेवट ‘विषय पुढील सभेत घ्यावा’ असाच आहे.

खरं तर आमच्याकडे भांडकुदळ माणूस कोणी नाही. पण रंगाचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना ताठ होतात. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना फिकट हिरवा हवा होता. तो पाहिला की पेशंट तोंड उघडतात, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या कर्नलना तपकिरी. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, एका बँकेत स्टेशनरी खात्यात होते; मिशीमुळे आणि कुणी भेटलं की ‘रिपोर्ट द्या’ म्हणण्याच्या सवयीमुळे त्यांना ते नाव पडलं. तपकिरीवर डाग दिसत नाहीत, हा त्यांचा एकमेव मुद्दा आणि तो खोडून काढणं कठीण होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गणितबाई, म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्या पिवळ्यावर अडून होत्या.

आणि आमच्या हिने एका सभेत, मागच्या खुर्चीवरून, कोणी विचारलं नसताना म्हटलं होतं, “निळा बरा दिसेल.” एवढंच. पुन्हा त्यावर ती बोलली नाही. मीही बोललो नाही. चिटणिसाने बायकोच्या रंगाची बाजू घेतली असं झालं असतं, आणि मी वजनमापे खात्यातला माणूस. सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासतोय. पारडं कुठेही कलू द्यायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की चहातसुद्धा साखर मी चमचा सपाट करून घालतो.

अकराव्या सभेत, दोन तास झाल्यावर, माझा संयम सुटला. मी म्हणालो, “असं करा, फासा टाका. जो पडेल तो रंग द्या.”

मी हे उपहासाने म्हटलं होतं. माझा उपहास लोकांच्या लक्षात येत नाही, हे मला ऑफिसातही पुष्कळदा अनुभवाला आलंय. मग डॉक्टर म्हणाले, “हे चांगलं आहे. कोणाचंच नाही आणि सगळ्यांचं आहे.” कर्नलनी अनुमोदन दिलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा एक ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्याचा सूचक म्हणून माझं नाव लागलं.

मला वाटलं, एकदा फासा टाकला की संपलं. पण गणितबाईंनी वही उघडली. “एकाच फेकीत अख्खी भिंत एका रंगाची करणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय,” त्या म्हणाल्या. “भिंत बारा फूट रुंद, आठ फूट उंच. फुटाफुटाचे शहाण्णव चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र फासा. म्हणजे साधारण प्रत्येकाला सोळा चौकोन मिळतील.”

“साधारण म्हणजे?” कर्नलनी विचारलं.

“म्हणजे साधारण,” बाई म्हणाल्या.

फाशाला बाजू सहा, मागण्या चार. उरलेल्या दोन बाजूंना एक पांढरा ठरला आणि दुसरा रंगाऱ्याकडे डब्यात शिल्लक होता तो जांभळा. एक पांढरा, दोन तपकिरी, तीन पिवळा, चार निळा, पाच हिरवा, सहा जांभळा. बाईंनी नियम लिहून काढले. फासा मी टाकायचा, वहीत आकडा मीच लिहायचा, दोन साक्षीदार हजर हवेत. सापशिडीच्या डब्यातला फासा डॉक्टरांनी आणून दिला, उकळत्या पाण्यातून काढून.

रंगारी आला, शिडी लावली आणि विचारलं, “साहेब, नक्षी कुठली काढायची?”

“नक्षी नाही. एकेक चौकोन. मी सांगेन तो रंग.”

“मग चित्र कागदावर असेल ना. ते द्या, मी एका दिवसात उरकतो.”

“कागदावर काही नाही. फासा टाकल्याशिवाय मलाही माहीत नाही.”

तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसला. “म्हणजे तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हाला माहीत नाही.”

“मला काहीच नको आहे. तेच तर आहे सगळं.”

“साहेब, बत्तीस वर्षं रंग देतोय,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “नको असलेला रंग द्यायला कोणी बोलावलं नव्हतं आजवर. पण टाका.”

पहिले सहा चौकोन सुखाने पार पडले. सातव्याला दोन पडले, तपकिरी. आठव्याला तपकिरी. नवव्याला, दहाव्याला, अकराव्याला तपकिरी. कर्नल खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “निकाल स्पष्ट आहे. उरलेली भिंत कशाला ताटकळत ठेवता?”

डॉक्टरांनी फासा हातात घेतला, दात बघतात तसा सगळीकडून बघितला आणि म्हणाले, “हा एका बाजूला जड आहे.”

“फासा तुमचाच आहे,” मी म्हणालो.

“टाकणारा हात माझा नाही.”

मला हे लागलं. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की हा फासा मी आमच्या कार्यालयातून तपासून, प्रमाणित करून आणीन. ते वाक्य मी बोललो नसतो तर पुष्कळ गोष्टी टळल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी फासा टेबलावर ठेवून मला विचारलं, “हे वजन आहे की माप?”

“साहेब, फासा आहे.”

“ते दिसतंय. मी वर्ग विचारतोय. वर्गाशिवाय नोंद कशी करणार?”

आमच्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तोडगा काढला. याच्यावर एकापासून सहापर्यंत मोजता येतं, म्हणजे हे माप. लांबीचं नाही, आकारमानाचं नाही, तेव्हा ‘इतर’. मग ‘इतर’चा तपासणी तक्ता शोधण्यात तीन दिवस गेले. मला पावती मिळाली : ‘घनाकृती माप, इतर, एक नग, सहा बाजू, किरकोळ झीज.’ आठ दिवसांनी फासा परत आला. वजन बरोबर, कडा सारख्या, दोष नाही. आणि नियमाप्रमाणे प्रमाणित केल्याची खूण म्हणून त्याच्या एका बाजूवर, एकाच्या टिंबाशेजारी, खात्याचा शिक्का ठोकला होता. ठोकताना तिथे चांगला मुगाएवढा खळगा पडला होता.

गणितबाईंनी तो जेवणाच्या टेबलावर एकशे वीस वेळा टाकला, आकडे मांडले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “गेला तेव्हा हा सरळ होता. आता लबाड झाला. थोडासाच, पण झाला.”

“मग दुसरा आणू.”

“दुसऱ्याला प्रमाणपत्र नाही,” डॉक्टर म्हणाले. “याला आहे.”

समितीने प्रमाणपत्र असलेला फासा कायम केला. कोणता फासा खरा आणि कोणता खोटा हे तेव्हापासून मला नीट सांगता येत नाही, आणि माझ्या पेशातल्या माणसाने हे कबूल करणं सोपं नाही.

काम पुन्हा सुरू झालं. रोज दुपारी ऑफिसातून जेवायला घरी आलो की तासभर फासा. तीन ओळी झाल्या. बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली. वरच्या मजल्यावरचे लोक बाजारात जाताना थांबून, ‘हा हिरवा तिथे नको होता’ असं मला सुनावून जात, जणू मी रात्रभर जागून तो तिथे बसवला होता. मी सांगायचो की मी काही ठरवत नाही. “हो हो,” ते म्हणायचे, “पण थोडं लक्ष द्यायला काय होतं?”

आणि ही रोज संध्याकाळी खाली जायची. पाचदहा मिनिटं भिंतीसमोर उभी राहायची, तिथे स्टुलावर ठेवलेली वही उघडून बघायची आणि वर यायची. काही बोलायची नाही. एकोणचाळीस चौकोन झाले तेव्हा मी मोजलं. निळे दोनच. एक छताला लागून कोपऱ्यात, एक पाण्याच्या पाइपामागे, जिन्यावरून दिसतही नव्हता. गणितबाई म्हणाल्या की असं होऊ शकतं, फाशाला आठवण नसते. पण मला होती. मागच्या खुर्चीवरून आलेलं ते वाक्य मला दिवसभर ऐकू यायला लागलं.

चाळिसावा चौकोन चौथ्या ओळीतला चौथा. बरोबर डोळ्यांच्या पातळीवर. त्या दुपारी गणितबाईंची दाढ दुखत होती, म्हणजे त्या डॉक्टरांच्या खुर्चीत होत्या आणि डॉक्टर त्यांच्या तोंडात. साक्षीला फक्त कर्नल, तेही जेवून आलेले, हनुवटी छातीवर. मी फासा टाकला. दोन पडले.

“चार,” मी म्हणालो.

रंगारी शिडीवरून वाकून फाशाकडे बघत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा फाशाकडे बघितलं. “निळा ना?” त्याने विचारलं.

“निळा.”

त्याने ब्रश बुडवला. मी वहीत लिहिलं. सवयीने हात आधी दोनाकडेच वळला, मग मी त्याचा चार केला. सव्वीस वर्षांत कागदावर लिहिलेला पहिला खोटा आकडा. ऑफिसात परत गेल्यावर एका धान्यवाल्याचा तराजू तपासायला आला होता, तो मी तीनदा तपासला आणि तरीही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी, अगदी सरळपणे, दोन साक्षीदारांसमोर टाकलेल्या फाशात लागोपाठ चार निळे पडले. त्यानंतरही पडत राहिले. भिंत पुरी झाली तेव्हा निळे सतरा होते. म्हणजे माझ्या खोट्याची कोणालाही गरज नव्हती. यावर मी बरंच डोकं चालवून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

भिंत मात्र, कसं सांगू, बरी झाली होती. कोणी नीट काही सांगू शकत नव्हतं, पण माणसं जिना उतरताना हळू चालायला लागली. डॉक्टरांना त्यात जबड्याचा एक्स-रे दिसायचा. कर्नलना नकाशा. गणितबाई म्हणायच्या की त्यात काहीही नाही आणि तेच बघत त्या पंधरा-पंधरा मिनिटं उभ्या राहायच्या.

मग अग्निशमन खात्याचे तपासनीस आले. वर्षातून एकदा ते लाल नळकांडी तपासायला येतात. नळकांडी तपासून ते जिना उतरत होते, मी मागे होतो. तिसऱ्या पायरीवर ते थांबले.

“हा बाण कोणी काढला?”

“कुठला बाण?”

“इथे उभे राहा. डोळे थोडे बारीक करा.”

मी केले. आणि मला बाण दिसला. फिकट चौकोन मागे गेले, गडद चौकोन पुढे आले. चौथ्या ओळीत सहा गडद चौकोनांची दांडी, आणि टोकापासून वर-खाली तिरके गेलेले दोन-दोन. टोकाला चाळिसावा चौकोन. मग मात्र मला दुसरं काही दिसेना. आजही दिसत नाही.

“बाहेर जायचं दार उजवीकडे आहे,” तपासनीस म्हणाले. “तुमचा बाण डावीकडे दाखवतोय. डावीकडे विजेच्या मीटरचं कपाट आहे. आग लागली, धूर झाला, माणसं धावत खाली आली, तर ती कपाटात शिरतील.”

“पण तो बाण नाही.”

“मग काय आहे?”

“काही नाही. फाशाने पडलेले रंग आहेत.”

त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. “दिशादर्शक चिन्ह लावणाऱ्याचं नाव?”

“कोणी नाही.”

“भिंत आपोआप रंगली?”

कठड्याला रंग द्यायला आलेला रंगारी तिथेच ब्रश धूत होता. तो म्हणाला, “माझं नाव घालू नका साहेब. मला सांगितलं ते मी लावलं.”

“कोणी सांगितलं?”

“फाशाने.”

तपासनिसांनी पेन बंद केलं. “हे बघा, फाशाचा राहण्याचा पत्ता असेल तर मी त्याचं नाव लिहितो. आणि खाली ‘हेतू’ असा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो.”

“हेतू नव्हता, असं लिहा.”

“हेतूशिवाय इमारतीत काही लावता येत नाही,” ते म्हणाले, आणि सात दिवसांची नोटीस देऊन गेले. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर भिंतीला एकच रंग द्या.

एकच रंग. म्हणजे पुन्हा अकरा सभा. त्या आठवड्यात मला इतके सल्ले मिळाले की मी पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने जायला लागलो. कोणी म्हणालं भिंतीसमोर कपाट ठेवा. कोणी म्हणालं मीटरचं कपाट उजवीकडे हलवा आणि दार डावीकडे. कर्नल म्हणाले, धावणाऱ्या माणसाला बाण बघायला वेळ नसतो, तसं लेखी द्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी तपासनीस येणार म्हणून सगळे खाली जमले. ही चौथ्या पायरीवर बसली होती. गणितबाईंनी उपाय मांडला, “टोकाचा एक चौकोन फिकट झाला की बाण मोडतो. त्या एका चौकोनापुरता फासा पुन्हा टाकू.”

“आणि पुन्हा गडद पडला तर?” डॉक्टरांनी विचारलं.

“तर पुन्हा टाकू.”

“फिकट पडेपर्यंत?”

“हो.”

“मग ते निवडणंच झालं की. सरळ पांढरा लावा.”

“पांढरा कोणी ठरवायचा?” कर्नल म्हणाले.

एवढ्यात तपासनीस आले आणि वादात पडू नये म्हणून नळकांड्याजवळ उभे राहिले. बाईंनी फासा माझ्या हातात दिला. “टाका. पहिल्यांदा तुम्हीच टाकला होता.”

मी फासा मुठीत धरला. अंगठ्याला तो शिक्क्याचा खळगा लागत होता. सगळे वाट बघत होते. टाकायचं म्हणजे काय, मनगट हलवायचं. पण माझं मनगट हलेना.

“हा चौकोन फाशाने पडला नव्हता,” मी म्हणालो. “फाशावर दोन होते. मी चार सांगितले.”

रंगारी छताकडे बघायला लागला. गणितबाईंनी वही मागवली, पान उलटलं, दोनाचा केलेला चार बोटाने दाखवला आणि वही मिटली. त्यांचा चेहरा पडला होता. “म्हणजे पंच्याण्णवच,” त्या म्हणाल्या. “मी नातेवाइकांना शहाण्णव सांगितले.”

“साक्षीला कोण होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कर्नल. ते झोपले होते.”

“मी डोळे मिटून होतो,” कर्नल म्हणाले.

“तपकिरी असता तरी गडदच,” मी सांगायचा प्रयत्न केला. “बाण तरीही झालाच असता.” पण ते कोणी ऐकत नव्हतं. वजनमापे खात्याचा माणूस, असं कोणीतरी मागून पुटपुटलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

फक्त तपासनिसांचा चेहरा उजळला होता. ते फॉर्म घेऊन पुढे आले. “म्हणजे निदान एक चौकोन तुम्ही स्वतः निवडला?”

“हो.”

“मग नाव तुमचं.” त्यांनी माझं नाव लिहिलं. “आणि हेतू?”

मी जिन्याकडे बघितलं नाही. “मिसेसना निळा आवडतो,” मी म्हणालो.

ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “पत्नीची आवड. म्हणजे सजावट. सजावट आमच्याकडे येत नाही. वर ‘बाहेर’ अशी पाटी लावून घ्या, खाली बाण रंगवा, उजवीकडचा. झालं.” त्यांनी मला सही करायला दिलं. मी केली. ज्या भिंतीवर कोणाचाच हक्क नको म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, ती सरकारी कागदावर माझी झाली.

तिथल्या तिथे सभा घेऊन मला चिटणीसपदावरून काढण्यात आलं. तो वृत्तान्त कर्नलनी लिहिला. त्यात मला ‘सदर इसम’ म्हटलंय. भिंत मात्र तशीच ठेवायचं ठरलं, एकमताने. आता तिच्यावर दोन बाण आहेत, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा, आणि नवीन पाहुणे तिसऱ्या पायरीवर थबकून कुठे जायचं ते विचारतात.

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो. वाढताना ही म्हणाली, “वहीत मी त्याच संध्याकाळी बघितलं होतं. दोनाचा चार.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? मला कळेचना, हसावं की रडावं.” तिने पोळी माझ्या ताटात ठेवली. “खाली सगळ्या जगाच्या भिंतीवर माझ्यासाठी एक फूट चोरलात. सगळी नोकरी पणाला लावून. आणि या घराला तीनदा रंग दिला आपण. तीनही वेळा तुम्ही दुकानात रंगांचं कार्ड बघून सांगून आलात. एकदाही विचारलं नाहीत हो, की तुला कुठला हवा.”

मी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसलो. इकडेतिकडे बघितलं. चार भिंती होत्या, मी निवडलेल्या. तिसऱ्या वेळी कार्ड माझ्या खिशात होतं, आणि दुकानातून घरी फोन करावा असं मला वाटलंही नव्हतं, हे मला आठवलं. पारडं कलू द्यायचं नाही म्हणून जन्म घालवला, आणि घरात दुसरं पारडं आहे हेच कधी पाहिलं नाही.

“मग आता विचारतो,” मी म्हणालो. “तुला कुठला हवा?”

तिने तोंड उघडलं, मिटलं. भिंतीकडे बघितलं.

“माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली. ती स्वतःच चकित झाली होती. “सभेत निळा म्हटलं ते आपलं सुचलं म्हणून. कधी विचारच नाही केला. थांबा जरा. सांगते.”

याला आता तीन आठवडे झाले. रंगाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला. मी त्याला सांगितलं, घाई नाही. ती रोज एकेका भिंतीसमोर खुर्ची टाकून बसते, आणि मी शेजारी दुसरी खुर्ची टाकून, तोंड बंद ठेवून, बसतो.